हाडांना ऐकू येणारी

"वायर नको," लिव्हिओ म्हणाला.

दुकानदार तोन्ची अॅम्प्लिफायरची वायर हातात धरून तसाच उभा राहिला. बेस गिटार घ्यायला येऊन वायरच नको म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

लिव्हिओ स्टुलावर बसला. काळी गिटार त्यानं मांडीवर जवळजवळ उभीच धरली, तिच्या वरच्या टोकावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. थोडा वेळ थांबला. मग मान हलवली.

"ही पण नाही."

"उस्ताद, वाजवायचीय की चावून बघायचीय?" तोन्ची हसला.

लिव्हिओनं नेमके तेव्हाच डोळे उघडले होते. त्यानं तोन्चीचे ओठ वाचले. "दात माझे आहेत, पण गिटार अजून तुझी आहे ना! म्हणून नुसती हनुवटी लावतोय."

तोन्ची वरमला. मग त्याच्या लक्षात आलं, हा माणूस आल्यापासून आपल्या तोंडाकडेच बघतोय. रियेकाच्या गोदीत जहाजांचे पत्रे ठोकता ठोकता लिव्हिओचे कान गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे, आणि या वर्षी उरलेसुरलेही.

खिडकीपाशी नेविया उभी होती. ती त्यांच्या बँडची ड्रमर. लिव्हिओला वाटत होतं, ती गिटार निवडायला सोबत आलीय. ती आली होती वेगळ्याच कामाला. बँडच्या दीनोनं सकाळी तिला बजावलं होतं, "आज सांगूनच टाक. तो तालात मागे पडतो. शनिवारच्या कार्यक्रमात त्याच्या जागी तो ओपातिया गावचा माणूस वाजवेल. तुझं तो ऐकेल."

दुकानात येण्याआधी जेवताना सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण लिव्हिओनं आपल्या ताटातले खरपूस सार्डिन मासे तिच्या ताटात वाढले आणि गिटारीसाठी फिरताना ट्रिएस्ट, ल्युब्ल्याना अशा शहरांतल्या दुकानांत काय काय पाहिलं ते रंगवून सांगत बसला. तिचं राहूनच गेलं.

तोन्चीनं आतून एक झगझगीत लाल गिटार आणली. या वेळी तो लिव्हिओच्या समोर उभा राहून सावकाश बोलला, "पाच तारा. वजन फुलासारखं. बोटं नुसती पळतात हिच्यावर."

"माझी नाही रे पळत," लिव्हिओ म्हणाला. "मी एक सूर लावतो आणि तो जाईपर्यंत वाट बघतो. मग दुसरा. या नव्या गिटारी भारी घाईच्या. माझ्या हाडापर्यंत पोचायच्या आतच गप्प होतात." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "ती तपकिरी कसली?"

"ती? अहो, ती जड आहे. गळ्यापासून बुडापर्यंत एकच सलग लाकूड. एका कार्यक्रमात खांदा उतरेल तुमचा."

"दे."

पॉलिश उडालेली ती गिटार त्यानं मांडीवर घेतली. हनुवटी टेकवली. तार छेडली. दुकानात जेमतेम माशी घोंगावल्याएवढा आवाज झाला आणि विरला. तोन्चीला वाटलं, झालं. पण लिव्हिओ हलला नाही. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"अजून आहे," तो पुटपुटला. "अजून आहे… आहे… हं. आता गेला."

त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि उघडी पावलं लाकडी फरशीवर सपाट ठेवली. "नेविया, ताल दे."

नेवियानं टाचेनं फरशीवर ताल धरला. लिव्हिओ डोळे मिटून त्यात शिरला. गेले कित्येक महिने तो वाजवताना सारखा तिच्या हातांकडे बघायचा आणि बघून वाजवलेलं क्षणभर उशिराच यायचं. आज तो बघतच नव्हता. तिनं किंचित लय ओढून धरली. तोही थबकला. तिनं मुद्दाम एक ठोका गाळला. त्यानंही ती जागा मोकळी सोडली आणि पुढच्या ठोक्यावर असा येऊन बसला, की तिच्या तोंडून नकळत "वा!" गेलं. तीस वर्षांत तिच्या ठोक्याला इतकं बिलगून कोणी वाजवलं नव्हतं. इतकी वर्षं सोबत वाजवणाऱ्या लिव्हिओनंसुद्धा.

तिचा फोन थरथरला. ती दाराशी गेली.

"सांगितलंस का?" दीनोनं विचारलं.

"शनिवारी लिव्हिओ वाजवणार."

"अगं पण त्याला ऐकू येत नाही!"

"तुला येतं ना? मग शनिवारी नीट ऐक," ती म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

परत आली, तर लिव्हिओनं स्टूल तिच्यासाठी मोकळं केलेलं. "बस. टेकव हनुवटी. आता कान बंद कर."

"वेडा आहेस का? दुकानदार बघतोय."

त्यानं तिच्या बोलण्याकडे बघितलंच नाही. गुडघे टेकून त्यानं गिटार स्टुलासमोर उभी धरली आणि तारेवर बोट ठेवून वाट बघत राहिला.

नेविया बसली. तिनं गिटारीच्या टोकावर हनुवटी टेकवली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. लिव्हिओनं तार छेडली. काउंटरमागून तोन्ची तिला काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना तिला दिसले. पण सूर अजून होता, तिच्या हनुवटीच्या हाडात. तिनं डोळे मिटून घेतले.