दहावी गाठ

ज्या वर्षी हिल्काच्या धाकट्या लेकीचं उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी तलावाकाठच्या चर्चमध्ये लग्न झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात एन्सिओने परीक्षेतला दोरा तोडला. सातव्या गाठीला.

एन्सिओ म्हणजे इस्पितळाचा मुख्य सर्जन. यंत्राच्या चौकटीत कपाळ टेकवून तो बसला होता. बोटं यंत्राच्या दोन मुठींत अडकवलेली. चार हात पलीकडे, टेबलावर, यंत्राचे बारीक पोलादी चिमटे त्याच्या बोटांबरहुकूम कोंबडीच्या कातडीला टाके घालत होते.

"दोरा खराब आहे," तो डोकं वर न काढता म्हणाला.

"मागच्या तिघांनी याच खोक्यातला वापरला," हिल्का म्हणाली. "पुन्हा कर. पहिल्यापासून."

वीस वर्षं ती ऑपरेशनच्या टेबलापाशी त्याच्या समोर उभी राहिली होती. त्याने मागायच्या आत त्याच्या हातात कात्री ठेवत आली होती. त्या वर्षी इस्पितळाने तिला हे यंत्र शिकून यायला धाडलं आणि परतल्यावर डॉक्टरांना शिकवायचं काम दिलं. नेमणूक डिसेंबरपर्यंतची. पुढचं एन्सिओच्या हातात.

डॉक्टरांना ते रुचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं होतं, "आता नर्स आम्हाला सुई धरायला शिकवणार का?"

"सुई नाही," हिल्का म्हणाली होती. "हात आवरायला."

एन्सिओ पुन्हा बसला. या खेपेला नऊ गाठी देखण्या बसल्या. दहावी आवळताना दोरा तट्‌कन तुटला.

तो उठला. "नऊ झाल्या. नऊ! आण तो कागद, सही कर. परवा ताउनोचं ऑपरेशन आहे."

ताउनो हा जंगलात लाकूड तोडण्यात जन्म घालवलेला म्हातारा. त्याच्या किडनीतला कॅन्सरचा भाग यंत्राने, पोटाला चार बारीक भोकं पाडून, काढायचा होता. इस्पितळातलं यंत्राचं ते पहिलंच ऑपरेशन, म्हणून वर्तमानपत्राचा माणूसही येणार होता. वरच्या कॉफीच्या खोलीत केक येऊन पडला होता. जो पास होईल त्याने स्वतःच केक आणायचा, अशी तिथली रीत. एन्सिओने तो परीक्षेआधीच आणला होता. वर मलईत त्याचं नाव होतं.

"सलग दहा लागतात, दोरा न तुटता," हिल्का म्हणाली.

"हा अडाणी नियम केला कोणी?"

"भिंतीवर लावलाय. चष्मा लाव आणि खालची सही वाच."

सही त्याचीच होती. त्याने भिंतीकडे पाहिलं नाही.

"हिल्का, तू माझी बोटं ओळखतेस."

"ओळखते, म्हणूनच सांगते. दोरा ताणला की तुझ्या बोटांना कळतं आणि तू थांबतोस. हे यंत्र बोटांना काही कळू देत नाही. तू कळायची वाट बघत बसतोस, तोवर दोरा जातो. डोळ्यांनी बघ. कातडी पांढरी पडायला लागली की थांब. नवे डॉक्टर चार दिवसांत शिकले, कारण त्यांच्या हातांना अजून सवयच नव्हती."

"म्हणजे माझा दोष काय, तर मला येतं?"

"हो."

"आणि तुटलाच दोरा तर मी तिथे असेन की! बोटाने दाबून धरीन."

"तू चार हात लांब, खुर्चीत असशील. हातमोजेसुद्धा न घालता."

साव्होची, म्हणजे तिथल्या मुलखातली, माणसं सरळ बोलत नाहीत. 'बघू', 'होईल', 'नाहीही होणार' यातच दिवस काढतात, आणि काय समजायचं ते ऐकणाऱ्यावर सोडतात. एन्सिओने हिल्कासाठी तीच वाट मोकळी ठेवली.

"मग... उद्यापर्यंत बघशील म्हणतेस?"

"नाही."

"डिसेंबरात तुझा कागद माझ्या टेबलावर येतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तेव्हा तू नाही म्हण. आज मी म्हणते."

दार आपटून तो गेला.

हिल्काने तुटलेले दोरे गोळा केले, यंत्र पुसलं आणि ती जिना चढून कॉफीच्या खोलीत गेली. आत सातआठ जण बसले होते. दाराचा आवाज वरपर्यंत आला होता. केकला कोणी हात लावला नव्हता. पहिला तुकडा घ्यायला तिथे एरवीही कोणी धजत नाही. हिल्काने सुरी उचलली, नावाच्या मधोमध चालवली आणि मोठासा तुकडा आपल्या बशीत घेतला.

"हा केक कशाचा म्हणायचा आता?" कोणीतरी हळूच विचारलं.

"नऊ गाठींचा," ती म्हणाली आणि उभ्यानेच खाऊ लागली.

गुरुवारी वर्तमानपत्रवाल्याला परत पाठवलं. एन्सिओने ताउनोचं पोट हाताने उघडलं, जुन्या पद्धतीने. हिल्का समोर उभी होती. त्याने मागायच्या आत कात्री त्याच्या हातात होती.

सोमवारी तो तळघरातल्या यंत्रापाशी आला, बसला आणि कपाळ टेकवलं. "हं, बोल," म्हणाला.

"कातडीकडे बघ," हिल्का म्हणाली.

दहावी गाठ नोव्हेंबरात बसली. हिल्काने त्याच्या कागदावर सही केली. डिसेंबरात त्याने तिच्या कागदावर केली. आभार कोणीच मानले नाहीत.

ताउनो त्यानंतर अकरा वर्षांनी, ऑगस्टच्या बारा तारखेला, आपल्या होडीत गळ टाकून बसला असताना वारला. त्याच्या पोटावर वीतभर लांबीचा व्रण होता.