डावा गाल

अधारतालला शरयूला बघायला गेलो, तेव्हा माझा प्रयोग अर्ध्यावर आला होता. आहार आणि क्रीम यांनी मिळून त्वचा किती तरुण दिसते, ते मला तपासायचं होतं. म्हणून मी दोन महिने भरपूर पपई आणि गाजरं खात होतो आणि चेहऱ्याच्या फक्त डाव्या बाजूला क्रीम लावत होतो. उजवी बाजू तुलनेसाठी तशीच उन्हात सोडली होती.

"आजच्या दिवस तरी दोन्हीकडे लाव ना रे," आई निघताना म्हणाली. पण मी एमएस्सी झालेला माणूस. प्रयोग बिघडवेन कसा?

शरयू मला बघताक्षणीच आवडली. मग काय, पोहे खाताना, तिच्या बाबांशी बोलताना, सारखा डावा गाल पुढे.

आम्हाला दोघांनाच बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा ती म्हणाली, "काहून जी, मान अवघडली का तुमची?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला सगळा प्रयोग नीट समजावून सांगितला.

"अच्छा," ती म्हणाली. "मग पपईसुद्धा डाव्याच बाजूनं खाऊन राहिले का?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. शरमेनं मी तोंड फिरवलं, तर उजवा गाल नेमका तिच्यासमोर आला. तिनं तो बराच वेळ निरखून पाहिला.

"चलो, माझा होकार आहे," जिना उतरता उतरता ती म्हणाली. "पण या उजवीकडच्याला."