तळाचा घोट

ऑस्करने बाटलीचं बूच काढलं, अजिबात आवाज न करता, आणि तिथपर्यंत सगळं एकदम मस्त चाललं होतं. मागे मार्को उभा, हाताची घडी घालून. मार्को म्हणजे अबुधाबीच्या त्या हॉटेलातला वाइनचा मुख्य माणूस. आज त्याच्यासमोर एक टेबल नीट सांभाळलं की ऑस्कर वाइनवर जाणार, नाही तर खलास, परत पाण्याचे जग भरत बसायचं.

फक्त त्या टेबलावर त्याचे आईबाप बसले होते.

त्यांना बोलावलं होतं उशिरा, परीक्षा संपल्यावर. पण वसईहून पहिल्यांदाच आलेली माणसं ती, राहवतंय कुठलं. दुबईला करामात उतरले होते, तिथून दुपारचीच बस पकडून हजर, पप्पा लग्नातल्या कोटात, मम्मी पर्स घट्ट धरून. आणि मार्कोने बोट दाखवलं ते नेमकं त्यांच्याच टेबलाकडे. ऑस्करला तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

तर त्याने सुरू केलं, इंग्रजीत, पाठ केलेलं, धडाधड. नेरो दाव्होला. इटलीच्या खालचं सिसिली बेट, तिथली काळी द्राक्षं, वरून ऊन आणि बाजूने भूमध्य समुद्राचा वारा, म्हणून रंग असा गडद आणि चव काळ्या चेरीची, आलुबुखाराची, मागून जराशी मिरी. सोबत भाजलेलं मटण छान, टोमॅटोत शिजवलेली वांगी छान, ट्यूना माशाचा जाड तुकडासुद्धा चालतो. पप्पा मान डोलवत ऐकत होते, चर्चमध्ये फादरचं प्रवचन ऐकावं तसे. मम्मीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्याने पप्पांच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. ही फक्त चव बघायला असते. पाहुण्याने मान हलवली की मग सगळ्यांना ओतायची. पण पप्पांना वाटलं, एवढीच मिळते. त्यांनी क्रूसाची खूण केली, बारीक घोट घेतला आणि ग्लास मम्मीला दिला. घरी नाताळला असंच असतं ना. बरणीत मुरलेली घरची वाइन, एकच ग्लास, हातोहात फिरणारा, आणि जो घरी नसेल त्याच्यासाठी तळाला एक घोट ठेवायचा. ऑस्कर इकडे आल्यापासून तो घोट त्याचाच असायचा.

मम्मीने चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"साखर घालायला विसरले की काय रे हे?"

बारजवळचे दोघं वेटर तिचं तोंड बघून फिस्सकन हसले. ऑस्करचे कान तापले. मार्को पुढे झुकला आणि त्याने हळूच विचारलं, ओळखीचे आहेत का तुझ्या.

"नो, सर," ऑस्कर म्हणाला. "सेम लँग्वेज, दॅट्स ऑल."

हळू म्हणाला, पण टेबल ते केवढंसं. पप्पांनी सगळी नोकरी मुंबईच्या ऑफिसात काढलेली, एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि ऑस्करकडे वर बघितलं.

"सॉरी, सर," ते म्हणाले. आणि पुढचं हिंदीत. स्वतःच्या पोराशी हिंदीत. "वाइफ को मालूम नहीं है. पहली बार आए हैं."

मम्मीने एकदा पप्पांकडे बघितलं, एकदा ऑस्करकडे, आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

ऑस्कर ओतत राहिला. टेबलक्लॉथवर एक थेंब नाही. मटण आलं, वांगी आली. तो येऊन विचारायचा, सगळं ठीक ना, आणि पप्पा म्हणायचे, बहुत अच्छा, सर. आता मार्को वळला की सांगतो, असं ऑस्कर मनात म्हणत होता. मार्को वळला. चक्क किचनमध्ये जाऊनसुद्धा आला. तेवढ्या वेळात ऑस्करने नॅपकिनच्या घड्या घातल्या.

ती दोघं कधी उठून गेली, त्याला दिसलंसुद्धा नाही.

मार्कोने पाठीवर थाप मारली. हात छान, बोलणं छान, उद्यापासून वाइनवर. मग त्याची नजर टेबलावर गेली. मम्मीचा ग्लास रिकामा होता. पप्पांच्या ग्लासाच्या तळाला एक घोट होता, आणि तो ग्लास त्यांच्या बाजूला नव्हता, टेबलाच्या कडेला सरकवलेला होता, ऑस्कर जिथे उभा राहून ओतत होता तिथे.

"आवडली नाही वाटतं त्यांना," मार्को इंग्रजीत म्हणाला.

ऑस्करने ग्लास उचलला. उचलून तसाच उभा राहिला.

मार्कोने तो त्याच्या हातातून घेतला आणि बाजूच्या बर्फाच्या बादलीत उलटा केला.

"यल्ला, हबीबी. पुढचं टेबल."

बर्फ वरून हळूहळू लाल होत गेला.