सदतीस नंबर

सातव्या महिन्यात पाय सुजले म्हणून सपना उंच टाचांऐवजी सपाट बूट घालून दागिन्यांच्या शोरूमला कामावर गेली, तर श्वेता मॅडमनी तिला गिऱ्हाइकांसमोर घरी पाठवलं, ते कायमचंच. पाच वर्षांनी, मालाडमधल्या चपलांच्या दुकानात, त्याच मॅडम तिच्यासमोर टाच चोळत बसल्या होत्या. त्यांनी तिला ओळखलंही नाही.

“डॉक्टर म्हणतात, मऊ तळ हवा. पण म्हातारीसारखं काही नको हं! तुझ्या पायातले झकास आहेत, तसलेच दे ना.”

सपनानं त्यांचं पाऊल हातात धरून माप घेतलं. सदतीस.

“तुमच्या मापात संपले, मॅडम. उंच टाचेचे आहेत, दाखवू?”

मॅडम लंगडत पायऱ्या उतरल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर सपनानं फळीवरचे तसल्याच बुटांचे सदतीस नंबरचे चारही जोड आत नेऊन ठेवले.