मिरीचा मासा

"अजून मिरी!" रायझल ओरडली आणि नवऱ्याच्या हातातला डबा तिने हिसकावून घेतला. "आमचा हर्शल लिथुआनियातल्या व्हिल्नाकडचा आहे. गोड मासा गिळायला तो काय पेशावहिनींचा भाऊ आहे?"

पेशावहिनी वरच्या मजल्यावरच्या, मूळ पोलंडमधल्या गॅलिशियाच्या. त्यांच्याकडे माशात साखर घालतात. इस्रायलमधल्या हैफातल्या आमच्या जिन्यात या एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं तोंडातोंडी चालली होती. आज मात्र भांडायला कुणाला फुरसत नव्हती. पेशावहिनी स्वतः खाली येऊन कांदा चिरत बसल्या होत्या.

कारण हर्शल येणार होता! रायझलचा धाकटा भाऊ. जर्मनांनी त्याला ट्रकमध्ये कोंबून छावणीत नेलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आई-बापांना त्याआधीच गावाबाहेरच्या खड्ड्यापाशी उभं करून गोळ्या घातल्या. रायझल जंगलात पळाली आणि कशीबशी जगली. दर वर्षी ती आई-बापांच्या नावाने दिवा लावायची. हर्शलच्या नावाने तिने कधीच लावला नाही.

"तो गेलेला नाही," एवढंच म्हणायची. वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

थोरल्या मुलाला तिने आपल्या बापाचं नाव दिलं, लेझर. धाकटा झाला तेव्हा अन्शेलने, तिच्या नवऱ्याने, भीतभीत सुचवलं, हर्शल ठेवू या का? बाळंतिणीने उशी फेकून मारली. "आपल्या ज्यूंत पोरांना गेलेल्यांची नावं देतात! जिवंत माणसाचं ठेवून माझ्या भावाला मारायला निघालात?" शेवटी पोराचं नाव इलान पडलं. इलान म्हणजे झाड. झाडावर कुणाचा आक्षेप नव्हता.

रेडिओवर हरवलेल्यांची नावं वाचतात, त्यात हर्शलचं नाव तिने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. आणि परवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिच्यासाठी रेडिओवाल्यांचा फोन आला. तुमच्या हर्शलच्या नावाला उत्तर आलंय, मंगळवारच्या बोटीने येतायत, तुम्हाला भेटायचंय. फोनवरची बाई पुढेही काही सांगत होती, पण रायझल रिसीव्हर लोंबकळत टाकून रस्त्यावर धावली होती. "आला! माझा भाऊ आला!" वाण्याने आनंदाच्या भरात दुकानातल्या सगळ्यांना सोडा पाजला. आम्हीही नाचलो. नाचू नाही तर काय करू? आमच्या जिन्यात त्या युद्धातून परत कुणाचं कोण आलं होतं?

बंदरावर निम्मी गल्ली गेली. एक किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस बाहेर आला. मागे बायको, तिच्या कडेवर तान्हं बाळ. त्याच्या हातात पुठ्ठा होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत रायझलचं नाव.

तिने दोरखंड ओलांडून त्याला मिठीच मारली.

"बाई, ऐका..." तो म्हणाला.

"बाई काय म्हणतोस मेल्या! ताई म्हण!"

"मला आधी सांगायचंय..."

"जेवल्यावर सांग. नुसत्या काड्या झाल्यात रे तुझ्या!" ती हसत होती, रडत होती, त्याच्या गालांवरून हात फिरवत होती. तोही रडायला लागला, आणि सांगायचं राहून गेलं.

घरी पाय ठेवायला जागा नव्हती. पेशावहिनींनी रायझलला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, जरा सबुरीनं. चेहरा ओळखलास का तू? काहीतरी विचार, जे फक्त तुम्हा दोघांना माहीत असेल."

"मी माझा भाऊ ओळखणार नाही?" रायझल फणकारली. पण पळी खाली ठेवली. ती बाहेर येऊन पाहुण्यासमोर उभी राहिली.

"आईचा पितळी खलबत्ता. कुठे पुरला?"

पाहुण्याने क्षणभरही विचार केला नाही. "गोठ्यात, गव्हाणीखाली. त्याच सकाळी गाय व्यायली होती. वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता."

रायझलने अशी किंकाळी फोडली की बाळ दचकून रडू लागलं. "ऐकलंत? ऐकलंत का पेशावहिनी? वासरू! वासरू तर मीही विसरले होते!" वहिनींनी एप्रनने डोळे पुसले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. अन्शेलने बाटली उघडली. कुणीतरी गाऊ लागलं.

मग मासा आला. पाहुण्याने पहिला घास घेतला आणि त्याला जो ठसका लागला, तो थांबेचना. नाकाडोळ्यांतून पाणी. त्याने गुपचूप चहाच्या साखरेचं भांडं ओढलं आणि चमचाभर साखर माशावर भुरभुरवली.

"बघा!" पेशावहिनींनी टाळी वाजवली. "तुमच्या घराण्यात शेवटी एकाला तरी अक्कल आली!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. रायझल सगळ्यात जास्त हसली. "छावणीत जिभेचं काय उरतंय, वहिनी? शिकेल परत. महिनाभर मी खाऊ घालते त्याला."

पाहुणा हसला नाही. "मला खरंच काही सांगायचंय," तो म्हणाला. "तिथल्या रात्रींबद्दल. आम्ही एकाच फळीवर निजायचो, बोलत राहायचो. घर, आई, गोठा, तुम्ही..."

"आज नको रे!" रायझलने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "त्या रात्रींचं आज काही नको. आज सणाचा दिवस आहे माझा." आणि तिने त्याच्या बायकोच्या मांडीवरून बाळाला उचललं, उंच धरलं, पोटावर नाक घासलं. बाळ खिदळलं.

"या राजाचं नाव काय ठेवलंत? थांबा, थांबा, सांगू नका! मी सांगते. बाबांचं! लेझर! आता घरात दोन लेझर झाले, एकाला हाक मारली की दोघं धावतील!"

पाहुण्याने चमचा खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"ताई," तो म्हणाला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याने तिला ताई म्हटलं. "त्याचं नाव हर्शल आहे."