ओळखा पाहू, कोणाचं घर?

"विश्वास हाच धंद्याचा पाया," जीवन गंभीरपणे म्हणाला आणि त्याने दाराला आतून कडी घातली.

"कडी घातली त चोर आत येते कसा?" दीपमालेने विचारलं.

जीवनने कडी काढली. त्याच्या हातात काठी होती, बायकोच्या हातात पोछ्याचा दांडा. समोरच्या फळीवर पितळी डबा उघडा ठेवला होता. त्यातले मलकापूरच्या बाजारातले खोटे दागिने सोन्यापेक्षा जास्त चमकत होते. मागे कापसाच्या ढिगावर जीवनचे वडील, शालिग्रामबुवा, पाठ खाजवत पडले होते.

उन्हाळ्यात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. गेल्या साली भाव आभाळाला लागला होता, म्हणून यंदा गावोगाव लोकांनी बीटीचा कापूस घरातच दाबून ठेवला. यंदा भाव उठलाच नाही. तो उठेपर्यंत खाजवायचं, असा बुवांचा निश्चय होता. शंकरराव व्यापारी आले की बुवा त्यांना ओसरीवरच चहा पाजून वाटेला लावत. "माल गेला सगळा. देवाच्या वातीपुरता राह्यला."

'चकाचक घरसफाई' हा दीपमालेचा धंदा. दोन बाया हाताशी घेऊन ती आसपासच्या गावांत लग्नाआधी, ईदेआधी घरं धुऊन-पुसून द्यायची. सफाई तिची, फेसबुक नवऱ्याचं. गिऱ्हाइकाला बोलतं करा, असं जीवनने एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्यातून 'ओळखा पाहू, कोणाचं घर?' ही स्पर्धा निघाली. सफाईआधीचा एक फोटो, नंतरचा एक. घर ओळखेल त्याला फिनाइलची बाटली.

लोक तुटून पडले. सफाईचा दर कोणी विचारला नाही, पण कोणाच्या भिंतीचे पोपडे कुठे निघालेत, हे तालुक्याला पाठ झालं. दीपमालेची तक्रार एवढीच की फोटो उठून दिसत नाहीत. ज्या खोलीत मोबाईल धरावा तिथे पांढरंच पांढरं.

मग 'सुप्रभात मित्र' आला. नावाच्या जागी एवढंच, चेहऱ्याच्या जागी गुलाब. तो घर ओळखत नसे, बाटली मागत नसे. फोटो शिळा झाला की यायचा आणि फक्त सफाईआधीच्या फोटोला लाइक देऊन जायचा. चकाचक फोटोकडे ढुंकूनही पाहत नसे.

"साफ घर आवडत नसन त्याले," दीपमाला म्हणाली.

"त्याले घर नाही, घरातलं पाह्यचं आहे," जीवन म्हणाला. "सफाई झाल्यावर तू सगळं कपाटात कोंबतं. मंग त्याले काय दिसते?"

हे बोलणं दीपमालेला पटलं, आणि नवऱ्याचं बोलणं पटल्यामुळे ती जास्तच घाबरली. तिने लाइक मिळालेल्या घरी फोन लावले.

"जे जायचं होतं ते गेलं व माय," गोजरबाई म्हणाल्या. "आता बोलून काय फायदा?"

"पण गेलं काय, मावशी?"

"तुह्या सासऱ्याले नको सांगू. हासन तो मले."

अकरमभाई फोनवर नुसतेच हसले. मग म्हणाले, "भाभी, घर एकदम खाली-खाली लगता है." आणि फोन ठेवला.

दीपमालेने पुढचा हिशेब मांडला. चोर हिच्या फोटोंवरून घरं निवडतो, एवढं गावात पसरलं की तिला कोणी उंबरठा ओलांडू देणार नव्हतं. दोन्ही बाया घरी बसल्या असत्या. तीही बसली असती, कापसावर.

म्हणून हा सापळा. जीवनने स्वतःच्याच घराचा फोटो टाकला. डबा बरोबर मधोमध. खाली लिहिलं, 'मालक मंडळी सोनाळ्याला लग्नाला गेली आहेत.' चहा उतू जायच्या आत कोणीतरी उत्तर दिलं, 'शालिग्रामबुवाचं घर.' बाटली गेली. बुवांना चोराचं सांगितलं होतं, फोटोचं नाही. त्यांना फेसबुकचा राग येत असे.

बाहेर गाडी थांबली.

"टेम्पो आणला व त्यानं!" जीवन पुटपुटला.

"डब्यासाठी टेम्पो?"

दार ढकललं गेलं. काठी वर गेली आणि तिथेच राहिली. दारात शंकरराव उभे होते.

"काका, तुम्ही होय!" जीवनने श्वास सोडला. "आम्ही चोराची वाट पाहून राह्यलो."

"पाहा ना," शंकरराव म्हणाले. डब्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वर पाहिलं. छताच्या पंख्याची पाती कापसात बुडाली होती.

"राम राम, बुवा. वाती घ्यायले आलो."

बुवा ढिगावरून उठले. पाठीला कापूस चिकटला होता.

"लग्नाले गेले म्हणे," शंकरराव म्हणाले. "म्हटलं, बुवा कापूस टाकून कुठं जाते?" मग त्यांनी भाव सांगितला.

"काऊन एवढा पडता भाव?" बुवांनी विचारलं.

"पाऊस आला तोंडावर. नाही जमत त राहू द्या. खाजवा."

बुवांनी जीवनकडे पाहिलं. जीवनने डब्याकडे पाहिलं. मग बुवांनी मान हलवली आणि टेम्पोतला वजनकाटा ओसरीवर उतरला.

शंकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाजवळ धरून बराच वेळ बोट फिरवलं आणि एका जागी टेकवलं.

"खूण करून ठेवा लागते," ते म्हणाले. "नाहीतर कोणता सौदा झाला, कोणता राह्यला, ध्यानात राहत नाही."

जीवनच्या खिशातला मोबाईल वाजला. फोटोला लाइक आला होता.