नऊ मार्चचं टपाल

चंद्रकांत सबनीस सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाल्कनीत येऊन बसले, तेव्हा त्यांच्या मुलाने, शंतनुने, कॅलेंडरकडे पाहिलं. आज नऊ मार्च. मार्गो डेलेनीचा वाढदिवस. आज तिचं पत्र यायचा दिवस.

"आज येईल ना रे?" त्यांनी विचारलं.

जानेवारीत आई गेल्यापासून बाबांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. एरवी ते पानात वाढलेलं चिवडायचे आणि उठायचे. रडले तर एकदाही नव्हते.

"खाली बघून घेतो. बाय," शंतनु म्हणाला आणि सवयीने दारात थांबला. आतून कोणी ओरडलं नाही. आई असती तर ओरडली असती, "अख्खं कलकत्ता 'आशी', म्हणजे येतो, म्हणून घराबाहेर पडतं, आणि आमच्या घरात हा बाय! येतो म्हण रे."

तिला हॉस्पिटलच्या दारातून आत नेलं, तेव्हा शंतनु गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. जाता जाता ती बाबांशी काहीतरी बोलली म्हणे. काय, ते बाबांनी सांगितलं नाही, आणि त्याला विचारवलं नाही.

जिना उतरताना त्याने खिशातलं निळं पाकीट चाचपलं.

मार्गो डेलेनी ही हॉलिवूडची जुन्या काळातली नटी. कॉलेजात असताना बाबांनी तिचा एकच सिनेमा चौरंगीला अकरा वेळा पाहिला होता. शहाऐंशी साली त्यांच्या पत्राला उत्तर म्हणून तिने सही केलेला फोटो पाठवला, तो भवानीपूरच्या या फ्लॅटमध्ये गणपतीच्या शेजारी लागला. आई रोज गणपतीला फूल वाहायची आणि नटीवरची धूळ फुंकायची. "सवतीचं एवढंच करीन," म्हणायची.

पुढे बाबा रिटायर झाले, आणि दोन हजार पाच सालापासून दर नऊ मार्चला नटीचं पत्र येऊ लागलं. बाबा त्याच दिवशी उत्तर लिहायचे आणि पोस्टात टाकायला आईकडे द्यायचे.

पत्रंही काय! कॅलिफोर्नियातली नटी विचारायची, रक्तदाबाची गोळी घेता ना? ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही ना आता? एका वर्षी तिने लिहिलं, कारलं खात जा, मीही खाते. आईने जन्मभर सांगूनही न खाल्लेलं कारलं त्या दिवशी बाबांनी दोनदा मागून घेतलं.

ही नटी राहते कुठे, ते शंतनुला गेल्या महिन्यात कळलं. आईचं कपाट आवरताना साड्यांखाली निळ्या कागदांचं पॅड सापडलं. तिच्या अक्षरातले कच्चे मसुदे सापडले. बाबांची पोस्टात न टाकलेली एकवीस उत्तरं सापडली. आणि काड्यापेटीत एक अमेरिकन तिकीट. एकच. दर वर्षी पाण्यात भिजवून सोडवलेलं, डिंकाने पुन्हा चिकटवलेलं. त्याने फोनवर शोधलं, तर खरी मार्गो डेलेनी दोन हजार चार सालीच वारली होती.

बाबांनी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये, पस्तीस वर्षं काढली होती. नुसतं खोकं बघून ते सांगायचे, आतला माल खोटा आहे. त्या माणसाच्या घरात हा माल एकवीस वर्षं खपला, याचं शंतनुला हसू आलं. हसता हसता तो साड्यांवर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिला.

"सांगून टाक त्यांना," स्नेहा, त्याची बायको, म्हणाली होती.

"दोन महिन्यांत दुसरीही बाई मारू त्यांची?"

म्हणून त्यानेच लिहिलं, आणि पाकिटावर काड्यापेटीतलं तेच तिकीट चिकटवलं. न्यू टाउनच्या ऑफिसात तो दिवसभर अमेरिकेलाच पत्रं लिहायचा, त्यामुळे त्याची मार्गो आईच्या मार्गोपेक्षा अस्सल अमेरिकन उतरली. कारलं त्याने ठेवलं. टॉवेलही ठेवला. आई शाळेत इंग्रजी शिकवायची, तरी प्रत्येक मसुद्याच्या शेवटी तिची एकच चूक होती, 'सो, आय कम.' ती त्याने सुधारून 'गुडबाय, माय डिअर' केली.

तो पाकीट घेऊन वर आला. "बाबा, बघा."

बाबा इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. "आली?"

"हो, आली," शंतनु म्हणाला. कलकत्त्यात जन्मलेला हा मुलगा बंगालीच्या सवयीने 'माझा आई' म्हणत मोठा झाला होता. पत्र आली की आलं, याच्याशी त्याचं कधीच देणंघेणं नव्हतं.

बाबांनी पहिलं पान वाचलं आणि टॉवेलपाशी हसले. दुसरं पान उलटलं. शेवटच्या ओळीवर थांबले. चष्मा पुसून तीच ओळ पुन्हा वाचली. मग दोन महिने न रडलेला तो माणूस खुर्ची उचलायचंही विसरून जमिनीवर बसला आणि रडायला लागला.

"बाबा! काय लिहिलंय तिने?"

"तुझं इंग्रजी फार छान आहे रे," बाबा म्हणाले. तिकिटावरून त्यांनी अंगठा फिरवला. "हे शहाऐंशी सालचं, मला फोटो आला त्या पाकिटावरचं. मार्गो गेल्याची बातमी आली, तो पेपर मी त्याच दिवशी रद्दीत दिला होता. पुढे तुझ्या आईचं पहिलं पत्र आलं, तेव्हा वाटलं, बरं केलं. तिला कळलं असतं, तर तिने लिहिणं थांबवलं असतं." त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे तिचं नाही. हॉस्पिटलच्या दारातसुद्धा ती मला 'येते हं' म्हणाली होती."